दिवाणखान्यातला ॲमेझॉन

गेरू माटरगावच्या धरणाचं पाणी खामगावात नळाला येतं, तो दिवस घरोघर सणासारखा. पिंप, बादल्या, कळशा, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवायचा. अशा गावात दिवाणखान्यात ४ बाय २ बाय २ फुटांचा फिशटँक मांडायला छाती लागते. त्यात साधारण ४५० लिटर पाणी मावतं, आणि दर आठवड्याला त्यातलं पाव बदलायचं. माशांना ताजं पाणी, सुनेला मात्र "भांडी जरा कमी पाण्यात घास."

टाकी भरली की त्याच संध्याकाळी मासे सोडायचे, हा शिरस्ता. माशांनी टाकलेल्या अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला महिना-दीड महिना लागतो. पण पाहुणे तर रविवारी येणार! मग थंड पाण्यातला गोल्डफिश, उबेतला एंजेल आणि बोटभरही नसलेले निऑन टेट्रा, सगळे एकत्र. आठवड्याभरात निऑन कमी होतात, एंजेलचं पोट सुटतं आणि घरात चर्चा वास्तुदोषाची.

मे महिन्यात दुकानदाराने गळ्यात मारलेला हीटर बंद, पाण्यावर टेबलफॅन सुरू. तोही वीज असेपर्यंत.

या सगळ्यात टिकला असता तो गप्पी. डासांच्या अळ्या खायला हिवतापवाले तो डबक्यांत फुकट सोडतात. एंजेल आणि निऑनसारखा तोही मूळचा दक्षिण अमेरिकेचाच. पण फुकटचा मासा पाहुण्यांना कोण दाखवणार? त्याच्यासाठी दाराबाहेरची गटार आहे, आणि तिला पाण्याची टंचाई कधीच नसते.