विटेवरचे आणि वाटेवरचे

उभं राहणं ही आपल्याकडे फार मानाची गोष्ट आहे. मुलगा कमावता झाला की तो पायावर उभा राहिला, असं आपण म्हणतो. पुढारी निवडणुकीला उभा राहतो, भाविक दर्शनाच्या रांगेत उभा राहतो, नवरानवरी रिसेप्शनच्या स्टेजवर हसऱ्या चेहऱ्याने उभी राहतात. घरची बाई ओट्याशी जन्मभर उभी असते, पण ते मानाच्या यादीत धरत नाहीत. एवढंच कशाला, आपलं लाडकं दैवतही उभंच. पंढरीचा विठोबा कमरेवर हात ठेवून अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे. तो देव आहे म्हणून निभावलं. तुमच्याआमच्या पोटऱ्या एका नोकरीतच जाब विचारू लागतात. त्याच्या भेटीला आळंदीहून अडीचशेच्या आसपास किलोमीटर चालत जाणाऱ्या वारकऱ्याचं मात्र शिरांच्या बाबतीत बरं चाललेलं असतं. या एका मुद्द्यावर डॉक्टर लोक देवापेक्षा भक्ताची बाजू घेतात.

कारण सरळ आहे. हृदय रक्त पायापर्यंत पोचवतं. तो उताराचा रस्ता. परत वर चढवायचं काम पोटरीकडे असतं. पाऊल टाकलं की पोटरीचा स्नायू आवळतो आणि आतल्या खोल शिरांमधलं रक्त वर ढकलतो. वर गेलेलं रक्त खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात, विहिरीवरच्या पंपाला फूटव्हॉल्व्ह असतो तशा. झडप गळू लागली की रक्त खाली साचतं, कातडीखालची शीर फुगते आणि घाटातल्या रस्त्यासारखी वळणं न घेता राहतच नाही. नुसत्या उभ्या माणसाच्या घोट्यापाशी शिरांतला दाब ८० ते ९० मिलिमीटर असतो. तोच माणूस चालू लागला की काही पावलांतच तो ३० च्या आसपास उतरतो. म्हणजे पायांची तक्रार कामाबद्दल नसतेच, खोळंबून ठेवण्याबद्दल असते.

या झडपांचं सविस्तर वर्णन इटलीतल्या पादुआच्या फॅब्रिशियसने १६०३ साली छापलं. त्याने त्यांना छोटी दारं म्हटलं, पण ही दारं रक्त पायाकडे एकदम धावू नये म्हणून आहेत, असा त्याचा समज होता. त्याचाच विद्यार्थी विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडलं, तेव्हा दारं कुठल्या बाजूला उघडतात याला अर्थ आला. दारांची नोंद गुरूने केली, रहदारी शिष्याने ओळखली.

आमच्या घराण्यात अशा फुगलेल्या शिरा वारसाहक्काने येतात. आजी नऊवारी नेसायची, त्यामुळे तिच्या पोटऱ्यांवरच्या निळ्या गाठी साऱ्या आळीला ठाऊक होत्या. आई पाचवारीत आली आणि गाठी झाकल्या गेल्या. मी फळ्यासमोर उभा राहून नोकरी केली, तीही फुलपँटीत, त्यामुळे माझ्या गाठींना कुणी विचारलंच नाही. आपल्या देशात पाय झाकलेले असतात, म्हणून हा आजार डॉक्टरपर्यंत उशिरा पोचतो. संध्याकाळी पाय जड होतात, तो थकवा. रात्री पोटरीत गोळा येतो, तो वारा. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडून खाजते, ते नायट्याचं मलम लावून बघू. तिथेच जखम होऊन महिनोन्महिने भरत नाही, तेव्हा कुठे कुणीतरी मान वर करून बघतं की दोष जखमेत नाही, वरच्या शिरेत आहे.

डॉपलर तपासणीत आपल्याला पुन्हा उभंच करतात. दुखरा पाय सैल सोडायचा, भार दुसऱ्यावर टाकायचा. डॉक्टर पोटरी दाबून सोडतात आणि पडद्यावर रक्त कुठे चाललंय ते निळ्यातांबड्या रंगांत दिसतं. वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ ते मागे आलं, तर झडप नापास. आयुष्यात मी वर्षानुवर्षं माघार घेत आलो, तिची कुणी दखल घेतली नाही. इथे अर्ध्या सेकंदापलीकडे सवलत नव्हती.

या आजाराचं वय मात्र मोठं आहे. अथेन्सला अॅक्रोपोलिसच्या उतारावर सापडलेला एक संगमरवरी नवसाचा शिल्पपट आहे, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातला. त्यात एक दाढीवाला गृहस्थ स्वतःएवढा मोठा पाय दोन्ही हातांनी धरून उभा आहे आणि त्या पायावर फुगलेली शीर नीट कोरलेली आहे. आपल्याकडे देवाला चांदीचा पाय किंवा डोळे वाहतात, तोच प्रकार. फक्त या पठ्ठ्याने आकाराच्या बाबतीत कंजुषी केलेली नाही.

रोमचा सेनापती गायस मारियस याच्या दोन्ही पायांवर अशा शिरा होत्या. त्या काळी भूल नव्हती. रोग्याला बांधून शीर कापत. प्लुटार्क सांगतो की मारियसने बांधून घ्यायला नकार दिला आणि तोंडातून आवाज न काढता एका पायाच्या शिरा कापून घेतल्या. वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तेव्हा मात्र त्याने थांबवलं. एवढं सोसण्याइतका हा फायदा मोठा नाही, असं त्याचं मत झालं होतं. शौर्य अनेकांकडे असतं, पण अर्ध्या वाटेत हिशेब करणारं शौर्य मला जास्त आवडतं.

पुढे जर्मनीत ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९० च्या सुमारास मांडीतली मुख्य शीर बांधून टाकायची पद्धत रूढ केली. पाय वर करून शीर रिकामी करायची, वरून दाबून धरायची आणि उभं करून सोडायची, ही त्यांच्या नावाची परीक्षा आमच्या डॉक्टरांनी डॉपलर शेजारी असतानाही माझ्यावर करून घेतली. सोबतचे विद्यार्थी वही काढून बघत होते. शिक्षकाचा पाय अखेर शिकवण्याच्या कामी आला. मग अमेरिकेत केलर, मेयो आणि बॅबकॉक यांनी १९०५, १९०६ आणि १९०७ अशा लागोपाठच्या तीन वर्षांत अख्खी शीर ओढून काढायची तीन हत्यारं काढली. पायजम्यात नाडी घालतात त्याच्या उलट कारभार. तो जवळजवळ शतकभर चालला.

आता काळ मवाळ झाला आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस लेझर आणि रेडिओलहरींची उपकरणं आली. सोनोग्राफीवर बघत गुडघ्याच्या आसपास सुईने शिरेत शिरायचं, बारीक तार जांघेजवळ नेऊन ठेवायची, शिरेभोवती बधिर करणारं पातळ औषध भरायचं आणि तार मागे ओढत शीर आतून भाजून बंद करायची. लहान वाकड्यातिकड्या शिरांसाठी फेस करून टोचायचं औषध असतं, कुठे विशिष्ट गोंदाने शीर चिकटवतात, कुठे बारीक छेदांतून हुकाने काढतात. मी टेबलावर पडल्यापडल्या मारियसची आठवण काढून दात आवळले होते. डॉक्टर भाचीच्या लग्नाच्या हॉलबद्दल नर्सशी बोलत होते. हॉल ठरायच्या आत माझी शीर बंद झाली. ‘काका, उठा आणि चालायला लागा,’ असं ते म्हणाले. इतकी वर्षं हे वाक्य मी वर्गातल्या मुलांना वेगळ्या अर्थाने म्हणत आलो होतो.

भेटायला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: ‘शीर बंद केली, तर रक्त जाणार कुठून?’ पायातलं सुमारे नव्वद टक्के रक्त मुळात खोल शिरांतूनच जातं. बिघडलेली वरची शीर बंद झाल्याने त्यांचा भारच हलका होतो. दुसरा प्रश्न अनुभवी लोकांचा: ‘उद्या बायपास करायची वेळ आली तर?’ त्यात तथ्य आहे. अर्जेंटिनाचे फावालोरो यांनी १९६७ साली क्लीव्हलंडमध्ये पायातली हीच लांब शीर हृदयासाठी वापरून बायपासचा रस्ता रुळवला. पण फुगून वेडीवाकडी झालेली शीर सहसा त्या कामाची उरतच नाही, आणि छातीतल्या व हातातल्या रोहिण्या आहेतच. तिसरा सल्ला तेल लावून पाय चेपून घेण्याचा. इथे मात्र विनोद बाजूला ठेवतो: एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर तो चोळायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचा. खोल शिरेत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

खरी शस्त्रक्रिया घरी सुरू होते, ती घट्ट मोज्यांची. कॉनराड जॉब्स्ट नावाच्या अमेरिकन अभियंत्याचे पाय असेच त्रासदायक होते. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की बरं वाटतं, हे त्याच्या लक्षात आलं. खोल जावं तसा पाण्याचा दाब वाढतो. तसाच घोट्याला जास्त आणि वर कमी होत जाणारा दाब देणारे मोजे त्याने तयार केले. जिराफाच्या पायाची कातडीच इतकी आवळ असते की त्याला हा खर्च नाही. माणसाने मात्र ते मोजे सकाळी पाय सुजायच्या आत चढवायचे असतात, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात हे काम एकट्याने होत नाही. टाच मी धरतो, काठ बायको ओढते, आई पावडर टाकते. महाराष्ट्रात सहकार का रुजला, हे मला तेव्हा कळलं.

अर्थात शीर बंद झाली म्हणजे पाय जन्माचा सुटला असं नाही. दिवसभर एका जागी उभं राहणं तेच राहिलं, तर दुसरी शीर डोकं वर काढते. म्हणून मला लेझरइतकाच मोठा शोध स्टुलाचा वाटतो. केरळमध्ये कापडदुकानांतल्या विक्रेत्या बायकांनी दिवसभर उभं ठेवण्याविरुद्ध लढा दिला आणि २०१८ साली त्या राज्याने दुकानांच्या कायद्यात बदल करून त्यांना बसण्याचा हक्क दिला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसाच कायदा केला. आपल्या जुन्या साडीच्या दुकानांत गादीवर गिऱ्हाईकही बसायचं आणि बरेचदा विकणाराही. काचेची शोरूम आली, गादी गेली, आणि विकणारी मुलगी उभी राहिली.

राहता राहिला डॉक्टरांच्या कागदावरचा शेवटचा उपाय: रोज थोडा वेळ पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडून राहा. हे लिहायला सोपं आहे. आपल्याकडे पायांना दिशाच मोजक्या. मी उशा रचून पाय वर केले, तर समोरच्या भिंतीवर गजाननमहाराजांची तसबीर. ‘अरे, पाय!’ आई म्हणाली. कॉट फिरवली, तर दक्षिण आली. आणखी फिरवली, तर तळवे थेट आईच्या खुर्चीकडे. चौथ्या बाजूला टीव्ही होता. आईने थोडा विचार केला.

‘तिकडे कर,’ ती म्हणाली. ‘फक्त बातम्या लावून ठेव, म्हणजे कुणाचा अपमान व्हायचा नाही.’