पदवी मापाप्रमाणे शिवून मिळेल

अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत एकही विषय पसंत पडला नाही, तर विद्यार्थ्याला स्वतःचा विषय काढता येतो. इंडियाना विद्यापीठात त्यासाठी वेगळा कार्यक्रमच आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाचं, आज गॅलॅटिन नावाने ओळखलं जाणारं, अख्खं स्कूल 1972 पासून याच धंद्यात आहे. न्यू जर्सीतल्या आमच्या भाचीने यंदा असाच एक अर्ज भरायला घेतलाय. विषय : ‘मसाले, स्थलांतर आणि स्मृती’.

मनासारखं शिकायचं म्हणजे कागदपत्रं कमी, असा माझा भाबडा समज होता. भौतिकशास्त्र घेणाऱ्याला कोणी ‘का?’ विचारत नाही. भाचीने मात्र आधी पटवून द्यायचं की तिची जिज्ञासा विद्यापीठाच्या एकाही विभागात मावत नाही. मग त्याच विभागांतला एक प्राध्यापक मार्गदर्शक म्हणून पटवायचा. मग चार वर्षांचे विषय सत्रवार मांडायचे आणि समितीसमोर बसायचं. कुतूहल कुठे भटकणार याचं वेळापत्रक आगाऊ जमा करावं लागतं.

भावोजी सांगलीहून इंजिनिअर होऊन गेलेले. त्यांच्या वेळी प्रश्न एकच होता, मेकॅनिकल की इलेक्ट्रिकल, आणि तोही मेरिट लिस्टनेच सोडवला. ‘‘पुढे काय?’’ त्यांनी विचारलं. भाचीने विल शॉर्ट्‌झचा दाखला दिला. या गृहस्थाने इंडियानातून 1974 मध्ये चक्क कोडेशास्त्रात पदवी घेतली. कोडी रचून न्यायची, प्राध्यापकांनी ती सोडवायची आणि याने शेजारी बसून बघायचं! पुढे 1993 पासून तो ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा शब्दकोडी-संपादक. भावोजी बधले नाहीत. पण मधे त्याने कायद्याची पदवीही घेतली होती, हे कळताच त्यांचा चेहरा उजळला. ‘‘बघ! म्हणजे घरचे शहाणे होते.’’ वकिली त्याने कधी केलीच नाही, हे भाचीने शहाणपणाने गिळलं.

बर्कलीतून 1970 मध्ये आयझॅक बोनविट्‌स जादूविद्येत बी.ए. झाला, हेही तिने सांगितलं नाही. आपल्याकडे ही पदवी भिंतीवर लावायची, तर आधी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा वाचून घ्यावा लागेल.

तसे आपणही मागे नाही म्हणा. नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह अशी पंगतच मांडलीय. विषय विद्यार्थ्याच्या आवडीप्रमाणे, आणि विद्यार्थ्याची आवड शिक्षकांच्या वर्कलोडप्रमाणे. कॉमर्सचा पोरगा ओपन इलेक्टिव्हला अमुकच विषय का शिकतोय, हे त्याच्यापेक्षा टाइमटेबल करणाऱ्या सरांना जास्त ठाऊक असतं.

तिकडे भाचीचा अर्ज घरातल्या घरात फिरू लागला. भावोजींनी विषयाच्या नावात ‘डेटा ॲनालिटिक्स’ घातलं. ताईने ‘मसाले’ काढायला लावलं; मंडळाच्या गणपतीत बायकांना वाटेल, पोरगी दुकान टाकतेय. पुण्याहून आजोबांनी व्हिडिओ कॉलवर ‘स्मृती’ला हरकत घेतली, कारण त्यात नोकरी दिसत नाही. उरलं ते ‘स्थलांतर आणि डेटा ॲनालिटिक्स’. हा आराखडा आपल्या अंतःप्रेरणेतून कसा उमलला, यावर आता तिला निबंध लिहायचाय. त्याचा पहिला खर्डा भावोजींनी ऑफिसातून पाठवलाय. समितीची मुलाखत गुरुवारी आहे. त्यांनी रजा टाकलीय.