सातशे दारांचा धनी

अमेरिकेतल्या मराठी माणसाची प्रगती पूर्वी मोजायला सोपी होती. आधी टोयोटा, मग ग्रीन कार्डाचा अर्ज, मग उपनगरात घर, मग आईवडिलांना नायगारा. आता या जिन्याला एक पायरी वाढली आहे. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को नाहीतर प्लेनोत राहणारा, दिवसभर कुठल्या तरी बँकेच्या सर्व्हरची काळजी वाहणारा गृहस्थ जेवणानंतर तुम्हाला बाजूला घेतो आणि हळूच सांगतो, ‘‘माझी सातशे दारं आहेत.’’ आपल्याला वाटतं, नोकरी सोडून सुतारकाम धरलं की काय! तसं नसतं. दार म्हणजे फ्लॅट. खोदून विचारलं तर त्या सातशे फ्लॅटांत याचा वाटा एका न्हाणीघराएवढा निघतो. पण न्हाणीघरालाही दार असतंच.

या उद्योगाला तिकडे सिंडिकेशन म्हणतात. त्यात एक ‘स्पॉन्सर’ असतो. त्याच्याकडे इमारत घेण्याइतके पैसे नसतात, आणि हीच त्याची मुख्य पात्रता. तो टेक्सासमधलं, १९८०च्या आसपास बांधलेलं, पोपडे उडालेलं एखादं संकुल हेरतो. किमतीच्या ८० टक्के कर्ज काढतो. उरलेली रक्कम, डागडुजीचा खर्च आणि स्वतःचं शुल्क ओळखीपाळखीच्या लोकांकडून गोळा करतो, माणशी किमान ५०,००० डॉलर. आपल्या भिशीत निदान आळीपाळीने प्रत्येकाचा नंबर लागतो. इथे नंबर एकाचाच, आणि तो पहिल्याच दिवशी लागतो.

कसा, ते सांगतो. समजा, दीडशे घरांचं संकुल दोन कोटी डॉलरला घेतलं. कर्ज १.६ कोटी, लोकांकडून जमवले ६० लाख. खरेदी जमवून आणल्याबद्दल स्पॉन्सरचं शुल्क दोन टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हे दोन टक्के लोकांच्या ६० लाखांवर नव्हेत, दोन कोटींवर. म्हणजे जे पैसे उसने आणले त्यांच्यावरही. झाले चार लाख. तुमच्या दर शंभर डॉलरमधले साडेसहाहून अधिक, अजून एका भाडेकरूने भाडं दिलेलं नसताना, स्पॉन्सरच्या खिशात गेले. पुढे भाड्याच्या जमेवर दरमहा देखरेखीचं शुल्क वेगळं, कर्ज बदललं तर त्याचं वेगळं, इमारत विकली तर नफ्यात तीस टक्के वाटा आणखी वेगळा. एवढी सोय असल्यावर माणसाने इमारत चांगली आहे की नाही हे बघत का बसावं? त्याचा धंदा इमारती चालवण्याचा नाही, घेण्याचा आहे.

हा सगळा व्यवहार कायदेशीर आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. १९४६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागांचा एक खटला आला. हॉवी नावाची कंपनी हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांना बागेचे पट्टे विकायची. मशागत, तोडणी, विक्री सगळं तिचंच. (नागपूरकरांनी नोंद घ्यावी.) न्यायालय म्हणालं, पैसे एकाचे, राबणार दुसरा आणि आशा नफ्याची, तेव्हा तुम्ही विकताय ती बाग नाही, तो रोखा आहे. रोख्याला नियम आले, नोंदणी आली. ती नोंदणी चुकवायची कायदेशीर वाट म्हणजे गिऱ्हाईक ‘मान्यताप्राप्त गुंतवणूकदार’ असणं. त्यासाठी परीक्षा द्यावी लागत नाही. वर्षाला दोन लाख डॉलर कमाई, नवराबायकोची मिळून तीन लाख, किंवा राहतं घर सोडून दहा लाखांची मालमत्ता असली की झालं. दोन लाखांचा हा आकडा १९८२ पासून जागचा हललेला नाही. तेव्हा तो धनिकांचा होता. आज संगणकातली दोन माणसं एकमेकांशी लग्न करून मान्यता मिळवतात. ज्याला पगार आहे त्याला अक्कल आहेच, असं कायद्याने गृहीत धरलं आहे.

अशा मान्यताप्राप्तांपुढे २०१३पासून राजरोस जाहिरातही करता येते. पण जुनी वाट अजून चालू आहे: जाहिरात करायची नाही, मात्र गिऱ्हाइकाशी आधीपासून नातं हवं. आता नातं जोडायला आपल्याला कोणी शिकवायला हवं का? गणपतीत स्पॉन्सर तुमच्या शेजारी उभा राहून खणखणीत आरती म्हणतो. दिवाळीत तुमच्या मुलीच्या भरतनाट्यमची चौकशी करतो. संक्रांतीला तिळगूळ देतो. होळीपर्यंत करार दारात येतो, सोबत शंभर-दीडशे पानांचं पत्रक. तुमचे सगळे पैसे बुडू शकतात, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं. ते वाचून ज्याचा सहीचा हात थांबला असा माणूस मला अजून भेटायचा आहे.

माझा भाचा या पंथाचा. त्याने मला व्हिडिओ कॉलवर एक्सेल उघडून दीक्षा द्यायचा प्रयत्न केला.

‘‘मामा, भाडं महिन्याला फक्त १५० डॉलरने वाढवायचं.’’

‘‘कशाच्या जोरावर?’’

‘‘ग्रॅनाइटचा ओटा, राखाडी व्हायनिलची फरशी आणि आवारात कुत्र्यांना खेळायला जागा. १५० म्हणजे वर्षाला १,८००. बाजार चार टक्क्यांनी किंमत धरतो, म्हणजे एका दाराची किंमत वाढली ४५,०००. दीडशे दारं. बघ, साडेसदुसष्ट लाख डॉलर!’’

ओट्याच्या दगडातून एवढी लक्ष्मी निघताना मी प्रथमच पाहत होतो. ‘‘आणि भाडेकरूला वरचे १५० परवडले नाहीत तर?’’

‘‘मामा, तो कॉलम नाहीये यात.’’

मग मीच जरा कागद-पेन्सिल घेतली. चार टक्क्यांनी दोन कोटींच्या इमारतीचं, खर्च वजा जाता, उत्पन्न आठ लाख. १.६ कोटींच्या कर्जाला साडेतीन टक्के व्याज, ते ५.६ लाख. उरले २.४ लाख. लोकांना शब्द दिलेला आठ टक्क्यांचा, म्हणजे ४.८ लाखांचा. ‘‘निम्मे कुठून येणार रे?’’ ‘‘ओट्यातून,’’ भाचा म्हणाला. तो आयआयटीचा आहे, त्यामुळे मी पुढे बोललो नाही.

हे २०२१चं बोलणं. फेडरल रिझर्व्हने दर शून्यापाशी ठेवले होते आणि ते तिथेच मुक्कामाला आहेत अशा समजुतीने टेक्सास, ॲरिझोना, जॉर्जियात लोक इमारती उचलत होते. कर्ज तीन वर्षांचं आणि व्याजाचा दर बदलता, कारण तोच स्वस्त पडत होता. मार्च २०२२मध्ये फेडने दर वाढवायला सुरुवात केली आणि जुलै २०२३पर्यंत ते सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेऊन ठेवले. साडेतीनचं कर्ज साडेआठला गेलं. आता मघाच्या इमारतीचं व्याज १३.६ लाख, उत्पन्न तेच आठ लाख. व्याजावर मर्यादा घालून देणारा विमा असतो, पण तो संपला की नवा घ्यायचा; जो पूर्वी गाडीच्या किमतीत मिळायचा तो आता घराच्या किमतीत मिळू लागला. भरीला इमारतीच्या विम्याचे हप्ते फुगले. त्यात नव्याकोऱ्या इमारतींचा पूर आला. २०२४मध्ये अमेरिकेत जवळजवळ पन्नास वर्षांतली सर्वाधिक अपार्टमेंट बांधून झाली. नव्या इमारतीत ग्रॅनाइटचा ओटा होताच, वर दोन महिने भाडं माफ.

मर्यादित भागीदारांना, म्हणजे पैसे घातलेल्या मंडळींना, या काळात ईमेल येऊ लागले. पहिल्यात ‘बाजारातील तात्पुरत्या परिस्थितीमुळे’ वाटप थांबवल्याचं कळवलं होतं. दुसऱ्यात परमेश्वराचे आणि सर्वांच्या संयमाचे आभार होते. तिसऱ्यात आणखी पैसे मागितले होते: द्या, म्हणजे आधीचे वाचतील, नाही दिले तर तुमचा वाटा पातळ होईल. भाच्याने दिले. न्हाणीघर शाबूत राहिलं पाहिजे ना!

टेक्सासमध्ये बुडीत इमारतींचे लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होतात. एप्रिल २०२३मध्ये ह्यूस्टनमध्ये एकाच कंपनीच्या हातून अशी चार संकुलं गेली, मिळून ३,२००हून अधिक घरं. कर्ज देणाऱ्याचा हक्क आधी, त्यामुळे लिलावानंतर भागीदारांसाठी मागे काही उरत नाही, फक्त आयकराचा कागद तेवढा येतो. आणि तोही या मंडळींत १५ एप्रिलच्या मुदतीनंतरच येण्याची प्रथा आहे.

या साऱ्या दारांच्या आत माणसं राहतात, हे एव्हाना वाचकही विसरला असेल. त्यात त्याचा दोष नाही. स्पॉन्सरच्या बैठकांत त्यांचा उल्लेख ‘ऑक्युपन्सी ९३ टक्के’ एवढाच येतो. गोदामात रात्रपाळी करणारे, हॉटेलच्या भटारखान्यात राबणारे, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या बाया. ह्यूस्टनच्या ऑगस्टात एसी बंद पडला तर दुरुस्तीला माणूस येत नाही, कारण दुरुस्तीचे पैसे व्याजात गेले. यांचं भाडं थकलं तर टेक्सासच्या कायद्याप्रमाणे घर सोडण्याची तीन दिवसांची नोटीस देऊन मालकाला कोर्टात जाता येतं. मालकाचं व्याज थकलं तर मात्र चर्चा होते, मुदतवाढ मिळते, कर्जाची फेररचना होते, अटी सैल होतात. तीन दिवसांत घर मोकळं करा, असं स्पॉन्सरला कोणी सांगितल्याचं ऐकिवात नाही. तो राहतो त्या घरावर हे कर्ज नसतंच.

आणि तो खचलेलाही नाही. अडचणीत आलेली संकुलं स्वस्तात उचलण्यासाठी त्याने नवा फंड काढला आहे. सादरीकरणाच्या दुसऱ्याच पानावर ‘३,००० दारांचा अनुभव’ असं ठळक छापलंय. लिलावात गेलेली दारंही त्यात धरलेली आहेत. अनुभव तर त्यांचाच जास्त आला. भाच्याने ते पीडीएफ मला पाठवलंय, ‘मामा, आता खरी संधी आहे’ असं वर लिहून. किमान रक्कम पूर्वीचीच, ५०,००० डॉलर. शुल्क तेवढं दोनाचं तीन टक्के झालंय, कारण बुडालेल्या इमारती हुडकायला म्हणे फार कष्ट पडतात. त्यातल्या काहींचे पत्ते तरी त्याला तोंडपाठ असायला हवेत.