हरकती व सूचना

मुंबईच्या गिरणगावातल्या बंद गिरण्यांच्या जमिनींचं काय करायचं हे गिरणगावाला कुणी विचारलंच नाही, असं म्हणता येणार नाही. रीतसर विचारतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत 'हरकती व सूचना' मागवतात; कलम, पोटकलम, भूकर क्रमांक. ज्याला चष्मा आणि वकील दोन्ही परवडतात, त्याने खुशाल हरकत घ्यावी.

या जमिनींच्या वाटणीसाठी केलेल्या 1991च्या नियमाचा हिशेब सोपा होता. एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. 2001 साली बारीकशी दुरुस्ती झाली: वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, शेड उभ्या असलेल्या जमिनीची नाही. आता गिरणी म्हणजे मुळात शेडच! वाटायला उरलं अंगण. 2006मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं.

लोअर परळच्या मॉलमध्ये फिनिक्स गिरणीची चिमणी मात्र जपलीय. वारसा म्हणे.

आणि वारस? घरासाठी अर्ज केलेले कामगार आणि त्यांचे वारस लाखाच्या वर आहेत. त्यांच्यासाठी सरकारने घरं सुचवली ती शेलू-वांगणीला, लोकलने परळपासून दीड तासाच्या आसपास.