नवाचा ताळा

नानांना आकडा दाखवू नये. कळसाडीत नवी सून आली की तिलाही हे पहिल्या आठवड्यात सांगून ठेवतात. एसटीचं तिकीट, वीजबिल, सिलिंडरची पावती, काहीही हाती लागलं की नाना कपाळावरचा चष्मा खाली ओढतात, ओठ हलवत अंकांची बेरीज करतात आणि त्या बेरजेने मूळ आकड्याला भागतात. बाकी उरली नाही तर मोठ्याने जाहीर करतात, "हर्षद आहे!" उरली तर आपल्याकडे असं बघतात की ती आपणच ठेवली असावी.

पुतण्याच्या लग्नाचा मुहूर्त १२ वाजून ३६ मिनिटांचा निघाला. गुरुजींचं पंचांग बघून झालं होतं, पण नानांचं व्हायचं होतं. बेरीज बारा, १२३६ भागिले बारा, बरोबर १०३. मग मांडवाला परवानगी मिळाली. सारंगखेड्याच्या यात्रेत लोक घोड्याची चाल बघतात, दात बघतात; नाना किंमत बघतात. कोणी एक लाख अकरा हजार म्हणाला, तर नाना गिऱ्हाइकाच्या मागे लागले. "घे रे भो, बेरीज तीन, सदतीस हजार वेळा जातो!" घोडेवाल्याने जाताना त्यांना दलालीचे पन्नास रुपये देऊ केले.

१ जुलै १९९८ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, याचं गावाला कौतुक. नानांना मात्र गाडीच्या पाटीचं दुःख. "एमएच अठरा होतं. बेरीज नऊ, दोनदा जातो. आता एकोणचाळीस. बेरीज बारा. जातो का बाराने? जिल्हा घ्या, नाही कोण म्हणतं? पण नंबर तरी बघून घ्यायचा!"

हा सगळा रोग देवळालीचा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५चा. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद' हे नाव त्यांचंच. आपल्याकडच्या बड्या गणितज्ञांनी मास्तरांचे हे उद्योग पोरखेळात काढले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला देवळाली कळली. नाना हे इतक्या अभिमानाने सांगतात, की गार्डनर साहेब नानांना विचारूनच लिहायला बसले असावेत.

कापरेकरांचा ६१७४ तर नानांचं हत्यारच. कोणताही चार अंकी नंबर घ्या. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, त्यातून लहानाकडून मोठ्याकडे मांडलेले वजा करा, उत्तराचं पुन्हा तेच करा. फार तर सात खेपांत ६१७४ येतो, आणि एकदा आला की हटत नाही. माझ्या गाडीचा ४५२१. ५४२१ वजा १२४५, आले ४१७६. ७६४१ वजा १४६७, आले ६१७४. "दोन खेपांत पोचलास," म्हणून नानांनी माझी पाठ थोपटली. भाच्याने मात्र जास्तीची फी भरून ७७७७ घेतला होता. चारी अंक सारखे असले की डाव फसतो. नानांनी पाटीसमोर उभं राहून वजाबाकी केली. "पैसे मोजून शून्य आणलंस ना भो?" भाचा अजून नानांच्या गल्लीतून गाडी नेत नाही.

पण नाना खरे अडकले ते पपईच्या पावतीत. एका शेतकऱ्याचा माल गेला २,३४६ किलो, भाव सात रुपये. पावतीवर १६,२४२. नानांनी नवाचा ताळा घेतला. २३४६ची बेरीज पंधरा, म्हणजे सहा. सहा साती बेचाळीस, म्हणजे पुन्हा सहा. पावतीच्या आकड्याची बेरीज पंधरा, म्हणजे सहाच. "जुळला. घे पैसे." घरी पोराने मोबाइलवर गुणाकार केला: १६,४२२. एकशे ऐंशी रुपये कमी. शेतकरी तणतणत ओट्यावर आला. नानांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, मनात काहीतरी पुटपुटले, आणि चेहरा उजळला. "एकशे ऐंशी? हर्षद आहे रे!"

त्या रात्री नानांच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत चालू होता. सकाळी वही घेऊन बाहेर आले. शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की चूक नेहमी त्यांच्या वजाबाकीच्या नऊपट, पुढे जागेप्रमाणे शून्यं. चार वजा दोन, दोन, नऊ दुणे अठरा, एक शून्य, एकशे ऐंशी. म्हणून नवाच्या ताळ्याला ती दिसतच नाही. वहीवर मथळा होता: 'कळसाडी फरक'. कापरेकरांनी संख्यांच्या एका जातीला देवळालीचं नाव दिलं, दुसरीला डेम्लो या रेल्वे स्टेशनचं. कळसाडीला स्टेशन नाही, एवढ्यावरून तिने मागे का राहावं?

नवाच्या पटीतली तफावत दिसली की उलटलेला आकडा शोधायचा, हे जमाखर्च लिहिणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गावातल्या निवृत्त बँकवाल्यालाही ठाऊक होतं. वाद घातल्याशिवाय त्याला चहा जात नाही, पण त्या सकाळी त्याने वही शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाला, "नाना, जबरी!" मीही मान डोलावली. नको म्हटलं तरी माणूस लळा लावतो.

आता नाना अकराचाही ताळा घेतात. एककापासून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा. शेजारच्या अंकांची अदलाबदल यात सुटत नाही. पपईच्या हंगामात ओट्यावर पावत्या घेऊन माणसं बसलेली असतात. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, तरी नानांचा ताळा हवा. आमच्याकडे प्रत्येक आकड्याला रुपये, किलो नाहीतर कर्जाचा हप्ता चिकटलेला. तो सोडवून नुसता आकडा बघणारे एकटे नाना. हिशेब जुळला की लोक पावती घडी घालून चालू लागतात. "अरे, आकडा तर बघून जा," नाना मागून हाका मारतात. कोणी थांबत नाही. मी एकदा थांबलो. शहाद्याची एसटी चुकली, आणि तिच्यामागून आलेलीही.