हसू ओसरल्यावर

काकूच्या शिवणाच्या डब्यात पूर्वी दोन प्रकारची रिळं असायची. दोऱ्याची तिची आणि फोटोंची काकांची. डबा मुळात बिस्किटांचा. पण त्यात कधीकाळी बिस्किटं होती याला आता कुणी साक्षीदार उरलेला नाही. परवा शर्टाचं बटण शोधताना तळाशी, इलॅस्टिकच्या गुंडाळीखाली, काकांच्या झेनिट कॅमेऱ्याची लेन्स हाताला लागली. कॅमेरा कधीच गेला होता. दागिना मोडल्यावर एखादा खडा मागे राहतो, तशी ही राहिली होती. हेलिओस ४४-२, ५८ मिलिमीटर. तशी रशियन, पण तिचं माहेर जर्मनी. येनाच्या कार्ल झाइसची बायोटार नावाची लेन्स होती. तिचा आराखडा दुसऱ्या महायुद्धानंतर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला पोचला आणि सासरी गेलेल्या मुलीसारखं तिचं नाव बदललं. पुढे ती झेनिटबरोबर आंदण म्हणून जगभर फिरली. अंगावरच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे म्हणजे जन्मसाल. आमच्या लेन्सवर ७८ आहे. म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि नजर मात्र माझ्यापेक्षा चांगली. आत बुरशीचा एक बारीक धागा दिसतो, पण शिवणाच्या डब्यात इतकी वर्षं काढल्यावर एवढं चालायचंच.

झेनिटसारख्या जुन्या कॅमेऱ्यांच्या पोटात आरसा असायचा. तो वरखाली व्हायला जागा हवी, म्हणून लेन्सला फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटर लांब उभं राहावं लागे. मिररलेस कॅमेऱ्यातून तो आरसाच गेला. माझ्या सेकंडहँड सोनीत हे अंतर फक्त १८ मिलिमीटर आहे. मधल्या साडेसत्तावीस मिलिमीटरांसाठी बाजारात अडॅप्टर मिळतो. साध्या अडॅप्टरमध्ये काच नसते, वायर नसते, काही म्हणजे काही नसतं. एका बाजूला ४२ मिलिमीटरचे आटे, दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्यात अडकायची खाच, आणि मध्ये पोकळी. निघून गेलेल्या आरशाची जागा राखून ठेवायला मी चौघांच्या जेवणाचे पैसे मोजले. आमच्याकडे जेवताना खिडकीजवळच्या काकांच्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही. तिथे निदान पैसे पडत नाहीत.

कॅमेऱ्याला मात्र हे पाहुणेपण मान्य नसतं. या लेन्समधून ना वीज जाते ना निरोप, त्यामुळे समोर कुणी आहे हे त्याला कळतच नाही. लेन्स नाही, असं सांगून तो हातावर हात ठेवून बसतो. अशा बऱ्याच कॅमेऱ्यांची ही रीत. मग मेनूच्या पोटात शिरून, लेन्स नसली तरी फोटो काढायची मुभा त्याला द्यावी लागते. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेलेला पेन्शनर खिडकीसमोर खोकत उभा असतो आणि आतून विचारतात, दाखला कुठाय? तसंच हे. दाखला मिळाल्यावरही ॲपर्चरच्या जागी दोन आडव्या रेघा दिसतात आणि फोटोच्या माहितीत फोकल लेंग्थ शून्य. शून्य मिलिमीटरच्या, नसलेल्या लेन्सनं काढलेले माझे फोटो चांगले येतात, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

आणि काढायचे म्हणजे तरी कसे? लेन्सवर ॲपर्चरची दोन कडी आहेत. एकावर आधी मर्यादा ठरवून ठेवायची. मग दुसरं पूर्ण उघडून भरपूर उजेडात फोकस करायचा आणि न बघता, बोटांच्या अंदाजानं, ठरलेल्या मर्यादेपर्यंत मिटत आणायचं. फोकसच्या कड्यातलं ग्रीस डिसेंबरातल्या खोबरेलासारखं थिजलेलं, त्यामुळे घाई करून उपयोग नाही. जे स्पष्ट दिसतंय त्याच्या कडेला कॅमेरा लाल रेघ दाखवतो. कडं फिरवत गेलं की लाल मुंग्यांची रांग सरकावी तशी ती रेघ तुळशीच्या पानावरून पदराच्या काठावर, तिथून चष्म्याच्या दांडीवर चढते. ही लेन्स पूर्ण उघडी ठेवली की मागची झाडं भोवऱ्यासारखी गरगरतात, अशी तिची ख्याती. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, तो मधलाच भाग उचलतो आणि भोवरा बराचसा कडेला राहून जातो. गावजेवणाला जाऊन नुसता वरणभात खाऊन यावं, तसं.

एवढं सगळं होईस्तोवर समोरचं माणूस हसून संपलेलं असतं. आमच्या घरातल्या अल्बमचं कोडं मला इथे उलगडलं. त्यात कुणीच हसताना नाही. सगळे नुकतेच हसून झालेले आहेत. आत्याच्या लग्नात नवरदेव हार सावरतोय, आजी ‘झालं का’ म्हणायला तोंड उघडतेय, आणि मी पाच वर्षांचा, हसू संपल्यामुळे उरलेल्या दातांचं काय करावं अशा पेचात. काकांच्या रिळात ३६ फोटो, म्हणून ते एकेक फोटो भाजी निवडावी तसा निवडत. आजचा फोन हसू उमटायच्या आत टिपतो. काकांना ते जमलं नाही, आणि म्हणूनच त्या अल्बममधली माणसं मला ओळखीची वाटतात. दिवसभर आपण घरच्यांना बघतो ते हसू ओसरल्यावरच.

काल काकूला गॅलरीत बसवलं. तिनं पदर नीट केला, हनुवटी किंचित खाली घेतली आणि हसू धरून ठेवलं. मी कडं फिरवत राहिलो. मुंग्या कुंडीवर गेल्या, परत आल्या. आत कुकरची तिसरी शिट्टी झाली. “गॅस बंद करून येते रे,” म्हणत ती उठली आणि नेमकं तेव्हा माझं बोट दाबलं गेलं. फोटोत खुर्चीचा वेत लख्ख आलाय, चष्म्याची दोरी लख्ख आलीय, आणि काकू अर्धी उठलेली, वाऱ्यानं हललेल्या पडद्यासारखी.

स्क्रीन तिनं लांब धरून बराच वेळ पाहिली. “ह्यांनी काढला असता तर असाच आला असता,” म्हणाली. मग स्वयंपाकघराकडे जाता जाता दारात थांबली.

“रिळात किती उरलेत?”

कोपऱ्यातला आकडा १४१२ दाखवत होता.

“आहेत अजून थोडे,” मी म्हणालो.