नगराध्यक्षांचा नाताळ

अमेरिकेतील मोठ्या दूरचित्रवाणी जाळ्यांचे वर्ष ना चैत्रात सुरू होते ना जानेवारीत. ते सप्टेंबर-ऑक्टोबरात उजाडते, मे महिन्यात मावळते आणि त्या अवधीत एका मालिकेचे सुमारे २२ भाग दाखवले जातात, ज्या आवर्तनास तेथे ‘सीझन’ अशी संज्ञा आहे. या आवर्तनाच्या मध्यावर, नाताळच्या सुट्टीसाठी दुकानाच्या फळ्या लावण्यापूर्वी जो अखेरचा भाग प्रसारित होतो, त्यास ‘मिडसीझन फिनाले’ म्हणतात. मराठी वाहिन्यांवरील रविवारच्या ‘महाएपिसोड’शी त्याचे चुलतनाते जुळत असले, तरी महाएपिसोडात दरीत कोसळलेले माणूस सोमवारी रात्री त्याच वेळेला झुडपाला लटकलेले सापडते आणि मिडसीझन फिनालेतील माणसाला महिना-सव्वा महिना दरीतच काढावा लागतो, हा भेद उपेक्षणीय नाही.

या लांबलेल्या वनवासाचे कारण व्यावहारिक आहे. प्रेक्षकसंख्या मोजणारी नील्सन ही संस्था फेब्रुवारी, मे, जुलै आणि नोव्हेंबर या चार महिन्यांत ‘स्वीप्स’ नावाची सखोल मोजणी करीत आली असून स्थानिक केंद्रांचे जाहिरातदर तिच्यावर ठरत आले आहेत. नोव्हेंबरची परीक्षा एकदा पार पडली की वाहिनीचा जीव भांड्यात पडतो, प्रेक्षक आपापल्या गावी जातो आणि पात्रांपुढे एकच कर्तव्य उरते: जानेवारीत प्रेक्षकाने परत यावे यासाठी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काहीतरी भयंकर निर्णय घेऊन ठेवणे. इच्छास्वातंत्र्य म्हणजे काय, यावर तत्त्वज्ञांनी शतकानुशतके डोके फोडले. दूरचित्रवाणीने ते गुरुवारी रात्री आठला, जाहिराती धरून तासाभरात बसवले.

‘द व्हॅम्पायर डायरीज’ ही सीडब्ल्यू वाहिनीवर २००९ ते २०१७ या काळात ८ पर्वे आणि १७१ भाग चाललेली मालिका या दृष्टीने अभ्यासनीय ठरते. व्हर्जिनिया राज्यातील मिस्टिक फॉल्स या काल्पनिक गावात ती घडते. प्रत्यक्षात हे गाव जॉर्जियातील कव्हिंग्टन येथे सापडते. गावात रक्तपिशाच, चेटकिणी, नरलांडगे आणि शाळकरी मुले यांची वस्ती असून अखेरच्या गटाचा अभ्यासाशी असलेला संबंध पहिल्या काही भागांनंतर जवळजवळ संपतो. १३ डिसेंबर २०१२ रोजी प्रसारित झालेला चौथ्या पर्वाचा नववा भाग हा या मालिकेच्या मिडसीझन फिनालेंपैकी सर्वांत बोलका म्हणावा लागेल, कारण त्यातील जवळजवळ प्रत्येक पात्र निवडीच्या स्वातंत्र्याविषयी तळमळीने बोलते आणि भाग संपेपर्यंत ते स्वातंत्र्य फक्त खलनायकाने उपभोगलेले असते.

या तळमळीच्या मुळाशी ‘सायर बाँड’ ही कल्पना आहे. ज्याच्या रक्तामुळे पिशाचयोनी लाभली त्याच्याविषयी मूळच्या मनुष्यजन्मातच ओढ असेल, तर नव्या पिशाचाची मर्जी त्या जनकाच्या मर्जीला बांधली जाते, असे हे बंधन. नायिका एलेना ही तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस बुडून मरते तेव्हा तिच्या अंगात डेमन या पिशाचाचे रक्त असते. साहजिकच शुद्धीवर आल्यापासून तिला डेमनचे सगळेच पटू लागते. तिचा आधीचा प्रियकर स्टीफन हा डेमनचा सख्खा भाऊ असल्याने प्रकरण घरातल्या घरात राहते, परंतु प्रश्न तात्त्विक बनतो: तिचे प्रेम हे प्रेम आहे की आज्ञापालन? भारतीय विवाहसंस्थेत या प्रश्नाला कोणी फारसे महत्त्व दिले नसते. मिस्टिक फॉल्समध्ये मात्र तिन्ही पक्ष त्यावर बैठका घेतात आणि अखेर असा तोडगा निघतो की डेमननेच तिला दूर जाण्यास, म्हणजेच स्वतंत्र होण्यास सांगावे. ज्या बंधनामुळे ती त्याचे ऐकते त्याच बंधनाच्या जोरावर तिला बंधनमुक्त होण्याचा हुकूम द्यायचा आणि तिने तो पाळला की ती मुक्त झाली असे मानायचे, ही तर्कपद्धती अन्यत्र फक्त ‘वरून आदेश आल्यामुळे स्वयंस्फूर्तीने’ काढलेल्या मोर्चांत आढळते. तळ्याकाठच्या घरात डेमन हा आदेश देतो, जड अंतःकरणाने देतो, आणि त्याच्या या त्यागाची किंमत एवढीच की त्यासाठी त्याने संपूर्ण भागभर वेळ काढला.

दुसरीकडे ‘हायब्रिड’ आहेत. मराठी माणसाला ज्वारीमुळे परिचित असलेला हा शब्द येथे अर्धा नरलांडगा आणि अर्धा पिशाच अशा प्राण्यास लावला जातो. क्लाउस या हजार वर्षांच्या आद्य पिशाचाने ही जात तयार केली. पौर्णिमेला हाडे मोडून लांडगा होण्याच्या यातनेतून त्याने सुटका केली, म्हणून ती कृतज्ञतेपोटी त्याची बांधील झाली. बंधन तोडायचे तर हीच यातना आपखुशीने पुनःपुन्हा सोसायची, इतक्या वेळा की उपकाराचे ओझेच उरू नये. नगराध्यक्षांचा मुलगा टायलर याने हे केले आणि इतरांकडूनही करवून घेतले. संपूर्ण मालिकेत स्वातंत्र्याची किंमत रोखीने मोजणारा हा एकमेव गट होय. प्रेमाच्या त्रिकोणातील मंडळींनी ती कायम उधारीवर ठेवली.

मोकळे झाल्यावर त्यांनी घेतलेला पहिला सामूहिक निर्णय असा की, क्लाउसला मारणे शक्य नसल्याने (तो मेला तर त्याच्यापासून उतरलेली पिशाचांची सगळी शाखा, म्हणजे बहुतेक मुख्य नट, मरतील) त्याचा आत्मा त्याच्या बहिणीच्या देहात घालून तो देह सिमेंटमध्ये पुरावा. योजना बरी होती. पण हेली नावाच्या मैत्रिणीने आपल्या आईवडिलांच्या माहितीच्या बदल्यात सर्वांना आधीच विकून टाकले होते, आणि तिला ही माहिती देऊ करणाऱ्या प्राध्यापक शेनला एका यज्ञासाठी नेमके बारा-बारा बळी हवे होते. ऑक्टोबरातील पहिल्याच भागात गावाच्या गुप्त समितीचे बारा सभासद स्फोटात गेले, डिसेंबरात बारा हायब्रिड बाराच्या भावात गेले, आणि पुढे बारा चेटकिणींनाही याच हिशेबात खर्ची पडायचे होते. माणूस पेशाने प्राध्यापक, आणि त्याने विद्यार्थ्यांऐवजी प्रेते मोजावीत, यावर उच्च शिक्षणाच्या अभ्यासकांनी स्वतंत्रपणे विचार करावा.

भागाचे शीर्षक ‘ओ कम, ऑल यी फेथफुल’ हे एका प्रसिद्ध नाताळगीताचे नाव असून त्यात ‘फेथफुल’ म्हणजे निष्ठावंतांना पाचारण केले आहे. आलेले बाराही जण निष्ठा सोडलेले होते, आणि क्लाउसने तलवार त्याच कारणासाठी काढली. पार्श्वभूमीला पवित्र रात्रीचे गाणे चालू असताना हा संहार घडतो. अमेरिकी दिग्दर्शकांना रक्तपात आणि भजन एकत्र ठेवल्याशिवाय गांभीर्य आल्यासारखे वाटत नाही.

येथे थोडे थांबून क्लाउसच्या चित्राकडे पाहणे इष्ट ठरेल. त्याच संध्याकाळी गावात धर्मादाय कार्यक्रम आहे, झाडांवर दिव्यांच्या माळा आहेत, आणि क्लाउसने त्यासाठी स्वतः रंगवलेले एक चित्र दिले आहे: एकच हिमकण. त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी पाठवलेली कॅरोलाइन नावाची तरुणी ते चित्र पाहून त्यात एकटेपणा असल्याचे सांगते. याच भागात स्टीफनला क्लाउसच्या तिजोरीत त्याच्या हातून मेलेल्यांची पत्रे सापडतात आणि ती जपण्याचे कारणही एकटेपणा हेच निघते. प्रेक्षकाचे मन विरघळावे म्हणून ही तजवीज आहे, आणि ते विरघळते. पुढे बारा बळी गेले तरी पुष्कळांच्या मनात हिमकणच राहतो. ज्यांची पत्रे जपावीत असे कोणी बारा जणांत होते की नाही, हे कळायला मार्ग नाही, कारण बहुतेकांना लेखकांनी नावेसुद्धा दिलेली नाहीत.

उरतात कॅरोल लॉकवुड, गावच्या नगराध्यक्षा. त्या ना पिशाच आहेत ना चेटकीण. कार्यक्रम संपला आहे, त्यांनी थोडी जास्त घेतली आहे, आणि चौकातील कारंज्याच्या कठड्यावर बसून त्या मुलाच्या फोनवर निरोप ठेवीत आहेत. टायलरवर सूड उगवायला निघालेला क्लाउस रक्ताळलेल्या कपड्यांनिशी येतो आणि त्यांचे डोके त्याच कारंज्याच्या पाण्यात दाबून धरतो. त्या रात्री कोणत्याही कटात नसलेली, कोणाची निष्ठा न मोडलेली ही एकच व्यक्ती. मरणाऱ्यांत प्रेक्षकाला नावाने नीट ठाऊक असलेलीही बहुधा तीच, त्यामुळे पाच आठवड्यांच्या खंडाला पुरेल इतके दुःख तिच्याच वाट्याला यावे हे नियोजनाच्या दृष्टीने योग्यच होते. बोनस म्हणून अगदी शेवटी, जिच्यापासून सर्वांनी सर्व लपवले ती एप्रिल नावाची मुलगी शवपेटीतील क्लाउसच्या बहिणीच्या छातीतून खंजीर उपसते. अज्ञानातून घेतलेला हा निर्णय त्या भागातील इतर निर्णयांहून फारसा वाईट ठरला असे म्हणता येत नाही.

१७ जानेवारी २०१३ रोजी मालिका परतली तेव्हा गाव शोकसभेत होते आणि हंगामी नगराध्यक्ष म्हणून बॉनी या चेटकिणीचे वडील रूडी हॉपकिन्स यांचे नाव पुढे आले. कॅरोलबाईंच्या आधी त्यांचे यजमान रिचर्ड त्या पदावर होते, तेही पहिल्या पर्वाच्या अखेरच्या भागात, मे २०१० मध्ये, पिशाचाहातीच गेले होते. तरीही हॉपकिन्सांनी खुर्ची स्वीकारताना पूर्वसुरींच्या कार्यकाळाची चौकशी केल्याचे दिसत नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये भर समारंभात, मंचावर, गावकऱ्यांसमोर त्यांचा गळा चिरण्यात आला. तो नव्या पर्वाचा पहिलाच भाग होता. त्यांना डिसेंबरपर्यंतची मुदतसुद्धा मिळाली नाही.